घाबरट नव्हे, आठवण पक्की!

आमच्या चिंगीच्या कानाचा एक त्रिकोणी तुकडा कापलेला आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी झाल्याची ही खूण. म्हणजे जाळं, गाडी, पिंजरा, सुई हे सगळं तिने आधीच भोगलंय. मग दवाखान्याच्या दारात ती थरथरणारच ना राव!

बरं, रेबीजची लस तर दरवर्षी हवीच. जुनी मेमरी डिलीट होत नाही, पण नवी भरता येते. म्हणून दर शनिवारी आम्ही नुसतेच दवाखान्यात जातो. वजनकाट्यावर उभी राहिली की उकडलेलं चिकन, आणि चला घरी! टेबलाचा पत्रा गार नि निसरडा, म्हणून तिची सतरंजी सोबत. डॉक्टरही खालीच बसून तपासतात.

परवा दारात थरथरली, थांबली, आणि स्वतःहून आत गेली. बास, अजून काय पाहिजे?