सहीऐवजी प्रश्न

मराठी समीक्षेच्या परिभाषेत 'चाहता' या शब्दाला जागा नाही. 'सहृदय' आहे, 'रसिक' आहे, वाचककेंद्री सिद्धान्तांबरोबर आलेला 'गर्भित वाचक'ही आहे. पण एखाद्या लेखकाचे पुस्तक केवळ आवृत्ती बदलली म्हणून पुन्हा विकत घेणारा, त्याच्या उणिवा ठाऊक असूनही त्याला कोणी उणे बोलले की अस्वस्थ होणारा जो माणूस असतो, त्याचा विचार आपण केलेला नाही. अभिनवगुप्तांच्या सहृदयाचे मन काव्याच्या अनुशीलनाने आरशासारखे निर्मळ झालेले असते. चाहत्याच्या आरशावर आधीच एक चेहरा उमटलेला असतो. मी तीस वर्षे जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांचा चाहता आहे आणि त्यांतली वीस वर्षे मराठीचे अध्यापन करतो आहे. या दोन भूमिका एकाच माणसात कशा नांदतात, एवढाच या टिपणाचा विषय. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले आणि हा प्रश्न टाळता येईनासा झाला. कारण श्रद्धांजलीच्या भाषेत चाहता आणि समीक्षक या दोघांनाही काही बोलता येत नाही.

अभ्यासक्रम ठरवण्याच्या एका बैठकीत मी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा सुचवली, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "यात माणसे कुठे आहेत?" कथा अभ्यासक्रमात आली नाही. आक्षेप मात्र बिनबुडाचा नव्हता. नारळीकरांची पात्रे बहुधा एखाद्या कल्पनेचे वाहक असतात. त्यांना बाल्य नसते, वासना नसतात, घरातले अंधारे कोपरे नसतात. संवाद पुष्कळदा समजावून सांगण्यासाठी येतात. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले यांच्या नवकथेवर ज्यांची वाचनदृष्टी घडली, त्यांना हे गद्य सपाट वाटणे स्वाभाविक आहे. ही यादी मी आणखी लांबवू शकतो, आणि चाहत्याचे वैशिष्ट्य नेमके हेच आहे. उणिवांची त्याची यादी विरोधकाच्या यादीहून मोठी असते, कारण त्याने पुस्तके अधिक वेळा वाचलेली असतात.

तरीही 'समजावून सांगणे' हा दोष मानताना आपण कोणते माप वापरतो, हे पाहिले पाहिजे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते. तत्त्व आणि कथा यांची ही सांगड मराठी श्रोत्याला परकी नाही. नारळीकरांनी या रचनेचा क्रम उलटा केला. 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये आधी आख्यान येते : इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोचतात, तेथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले असतात, कारण विश्वासरावांच्या वर्मी लागायची गोळी कानाजवळून निघून गेलेली असते. मग मित्राच्या तोंडून निरूपण येते : आपत्ती सिद्धान्त आणि पुंजयामिकी यांच्या आधारे अनेक विश्वांची शक्यता. येथील स्पष्टीकरण म्हणजे कथेला मागून जोडलेले शेपूट नव्हे. आख्यानात जे केवळ अद्भुत होते, ते निरूपणानंतर शक्य कोटीत येते आणि वाचकाला मागे वळून आख्यान नव्याने वाचावे लागते. डार्को सुविन यांनी १९७९ साली विज्ञानसाहित्याची व्याख्या करताना अपरिचितीकरणाला ज्ञानात्मकतेची जोड आवश्यक मानली. 'यक्षांची देणगी' हा नारळीकरांचा संग्रहही १९७९चाच. यक्ष, भस्मासुर, वामन, गणपती ही त्यांच्या शीर्षकांतली नावे मला याच संदर्भात महत्त्वाची वाटतात. पुराणात विज्ञान होते, असा दावा तेथे नाही. अपरिचिताला हाक मारण्यासाठी परिचित नाव घेतले आहे.

'माणसे कुठे आहेत?' या प्रश्नाचे उत्तरही याच कथेत आहे. पर्यायी मुंबईत गंगाधरपंत आझाद मैदानावर जातात. तेथे व्याख्यान चालू असते आणि अध्यक्षाची खुर्ची रिकामी असते. आयुष्यभर अध्यक्षपदे भूषवलेला हा विद्वान ती रिकामी खुर्ची सहन करू शकत नाही. तो जाऊन बसतो, बोलू लागतो आणि श्रोते त्याच्यावर तुटून पडतात, कारण त्या जगात अध्यक्ष ही प्रथाच कधीची मोडीत निघालेली असते. मराठी विद्वत्तेच्या एका प्रवृत्तीचे इतके नेमके चित्र आमच्या अनेक मनोविश्लेषणात्मक कथांत मला सापडत नाही. गंगाधरपंतांचे अंतर्मन लेखक उघडून दाखवत नाही. एक खुर्ची ठेवतो आणि बाजूला होतो. पुढे नाशिकच्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले आणि डिसेंबर २०२१मध्ये प्रकृतीमुळे ते तेथे प्रत्यक्ष उपस्थित राहू शकले नाहीत. त्या योगायोगावर भाष्य करण्याचा मोह मी आवरतो. मात्र ही कथा ज्यांनी वाचली होती, त्यांना ती आठवली असणार.

चाहतेपणाच्या संदर्भात नारळीकरांच्या दोन कृती मला सिद्धान्ताइतक्या मोलाच्या वाटतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. आपली आद्याक्षरे त्यांनी उलट्या क्रमाने लावली होती. हेतू हा, की वैज्ञानिक म्हणून झालेल्या नावाचे वजन कथेच्या पारड्यात पडू नये. कथेला पहिला क्रमांक मिळाला. आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांपुढे निनावी कविता ठेवून जो प्रयोग केला, तोच येथे लेखकाने स्वतःवर करून घेतला. दुसरी कृती अधिक साधी. व्याख्यानानंतर मुले सहीसाठी वही पुढे करीत, तेव्हा ते म्हणत : पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, उत्तर सहीसकट पाठवीन. चाहत्याला जे हवे असते ते त्यांनी नाकारले नाही. त्याची किंमत ठरवून दिली. सही हवी, तर आधी प्रश्न हवा.

ही किंमत मी कशी मोजावी? नारळीकरांचे विश्वशास्त्र माझ्यापुढे याच स्वरूपात उभे राहते. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी स्थिर स्थिती विश्वाचा पुरस्कार केला, आणि १९९३ साली हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्याची सुधारलेली मांडणी पुढे ठेवली. महास्फोटाचा सिद्धान्त त्यांनी अखेरपर्यंत स्वीकारला नाही. परंतु १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मतरंग पार्श्वप्रारणाच्या शोधानंतर बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल दुसऱ्या बाजूला गेला आणि आजही तो तेथेच आहे. मी त्यांचा चाहता आहे म्हणून पुरावा हलत नाही. त्यांनी कल्पिलेले अनादि विश्व बहुधा आपले विश्व नव्हे, हे मला मान्य करावे लागते, आणि ते मान्य करताना माझे प्रेम तसूभरही उणे होत नाही. भक्ताला हे जमणार नाही. त्याची श्रद्धा आराध्याच्या मताशी बांधलेली असते. चाहत्याला जमते, कारण तो मतावर प्रेम करीत नसतो. बहुमताच्या विरुद्ध उभे राहूनही युक्तिवादाचे नियम न सोडणाऱ्या एका चित्तवृत्तीवर त्याचे प्रेम असते.

म्हणून समीक्षकाने चाहतेपण लपवावे असे मला वाटत नाही. त्याने ते तपासणीसाठी समोर ठेवावे. तटस्थता हा आरंभबिंदू असतो ही समजूत सोयीची आहे, पण आपल्यापैकी किती जण एखाद्या लेखकावाचून राहवत नाही म्हणून या विषयाकडे आलो, हे ज्याने त्याने स्वतःशी मोजावे. पदव्युत्तर वर्गात दरवर्षी एखादा विद्यार्थी दबक्या आवाजात सांगतो की त्याला एक लेखक 'फार आवडतो', आणि लगेच ओशाळतो, जणू प्रबंधासाठी ही अपात्रता आहे. मी त्याला ओशाळू देत नाही. फक्त इतकेच विचारतो, की त्या लेखकाला तू कोणता प्रश्न विचारशील? जो नुसताच हसतो, त्याला सही हवी असते. ज्याला उत्तर सुचायला आठवडा लागतो, त्याच्या प्रबंधाला तेथे सुरुवात झालेली असते.