हजार मोठे की दोनशे?

चि. मुक्ता,


तुझ्या फॉर्मात हजार रुपये दोनशेंपेक्षा कमी ठरतात म्हणून वैतागली आहेस, पण जावास्क्रिप्ट चुकत नाहीये. रकान्यातली किंमत दिसायला आकडा असली तरी हाती येते ती स्ट्रिंगच. दोन्हीकडे स्ट्रिंग असल्या की ही बाई शब्दकोशासारखं एकेक अक्षर बघते. एक हा दोनच्या आधी, तिथेच निकाल. मागची शून्यं ती पाहतही नाही. एका बाजूला खरी संख्या असती, तर दुसरीचीही तिने आपणहून संख्या केली असती. पाचशे आणि दोनशे टाकून पाहिलंस तर सगळं ठीकच दिसणार, म्हणून तर हा घोळ चाचणीतून निसटतो.

पीएचपीची तऱ्हा आणखी न्यारी. दोन्ही स्ट्रिंग असल्या तरी त्या संख्येसारख्या दिसतात का, हे ती बघते. नोव्हेंबर २०२० मध्ये आवृत्ती ८ येईपर्यंत तिथे ० == "आंबा" हे चक्क खरं होतं! आंब्यातून अंक निघेना, म्हणून त्याचं शून्य. ते सुधारलं. पण शून्य, मग इंग्रजी ई, मग नुसते अंक, अशा दोन स्ट्रिंग आजही == ने समान ठरतात, कारण शून्याला दहाच्या कोणत्याही घाताने गुणलं तरी शून्यच. एमडी५ चे काही हॅश नेमके असे निघतात. साठवलेला हॅश तसा असला, तर भलत्याच पासवर्डने आत शिरता येतं.

मला विचारशील तर लॅरी वॉलने १९८७ मध्ये पर्लमध्ये केलं तेच शहाणपणाचं. संख्या ताडायच्या तर ==, अक्षरं ताडायची तर ईक्यू; लहानमोठं ठरवायला < आणि एलटी. माल कसाही असो, निर्णय लिहिणाऱ्याचा. पर्लला लोक दुर्बोध म्हणतात, म्हणोत. पायथन ३ मध्ये स्ट्रिंग आणि संख्या यांत लहान कोण असं विचारलं, तर ती टाइपएरर देऊन थांबते. तेही मला पटतं. (देवनागरी "१०" मात्र पायथनचा इंट नीट वाचतो, जावास्क्रिप्ट त्याचा नॅन, म्हणजे 'संख्याच नव्हे', करते.)

तू एवढंच कर: किंमत हाती आली की लगेच नंबर() मधून काढ. रिकामा रकाना त्याआधीच अडव, कारण त्याचं शून्य होतं. नॅन आला तर परत पाठव. आणि === वापरतेस म्हणून निर्धास्त राहू नकोस; < ला तसा कडक भाऊ जावास्क्रिप्टमध्ये नाही.

तुझा,
मामा