सावलीतला हिरवा फंडा

बाल्कनीत ऊन येत नाही? सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात काहीच जगत नाही? मग या वीकएंडला मॉलला सुट्टी द्या आणि धारावी डेपोसमोर उतरा. आपल्याला लागणारा सगळा फंडा तिथे, झाडांच्या पायाशी पसरलेला आहे.

सायनहून बीकेसीला बसने जाणारे रोज या गेटवरून जातात. पण त्या वेळी कानात इअरफोन असतात आणि नजर मोबाईलवर. त्यामुळे सायन-वांद्रे लिंक रोडला लागून, मिठीच्या काठावर ३७ एकरांचं जंगल उभं आहे, हे अनेकांच्या गावीही नसतं. नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. आत शिरून दहा मिनिटं चाललात की हॉर्नचा आवाज हळूहळू मागे पडतो आणि डोळ्यांना अंधाराची सवय करून घ्यावी लागते. भर दुपारी!

या जंगलाची स्टोरी सॉलिड फिल्मी आहे. १९७०च्या दशकापर्यंत इथे शहराचं डम्पिंग ग्राउंड होतं. मुंबईचा कचरा इथे येऊन पडायचा. १९८३ मध्ये पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते इथे पहिलं झाड लागलं आणि १९९४ मध्ये उद्यान रीतसर खुलं झालं. म्हणजे आपण ज्या गारव्यात उभे असतो, त्याच्या खाली कुणाच्या तरी आजोबांच्या पिढीचा कचरा आहे.

लोक इथे फुलपाखरं बघायला येतात, पक्षी बघायला येतात. मी मात्र मान खाली घालून चालले होते. मला झाडं नव्हे, झाडांखालची जमीन बघायची होती. त्याला कारण आमची सोसायटी.

पेव्हरचा ठराव

आमच्या इमारतीच्या मागे, भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये एक पट्टा आहे. आठ-नऊ फूट रुंद. एका बाजूला आंब्याचं जुनं झाड, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. गेल्या काही वर्षांत तिथे दोनदा लॉन लावून झालं, एकदा गुलाब लावून झाले. सगळं मेलं. आता पुढच्या मीटिंगमध्ये ठराव येतोय, की ‘तिथे काही उगवत नाही, सरळ पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ.’ दोन बाइक जास्त लागतील, हा बोनस.

हा ठराव मुंबई-ठाणे-पुण्यातल्या किती सोसायट्यांत मंजूर झाला असेल, विचार करा. तुमच्याही झाला असेल. गंमत म्हणजे ‘काही उगवत नाही’ हे वाक्य अर्धंच असतं. पूर्ण वाक्य असं, की उन्हातलं काही तिथे उगवत नाही. लॉनला रोज चार-पाच तास तरी चांगलं ऊन लागतं, गुलाबाला त्याहून जास्त. त्यांना आंब्याखाली लावणं म्हणजे नाइट शिफ्टवाल्याला सकाळी सहाला जिमला बोलावणं!

निसर्ग उद्यानात झाडांखाली लॉन कुठे दिसतं? नाही दिसत. दिसतो पाचोळ्याचा जाड थर आणि त्यातून वर आलेली रोपटी, वेली, रुंद पानं. हा थर कुणी झाडून नेत नाही. तो कुजतो, त्याचीच माती होते, ओल धरून ठेवते. सावलीतल्या बागेचा पहिला धडा हाच. आधी जमिनीला पांघरूण द्या, मग झाडं निवडा.

तुमची सावली कोणती?

‘ताई, झाडाचं नाव नंतर. आधी ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, ते सांगा.’ एका रस्त्याकडेच्या नर्सरीतल्या माळीकाकांनी मला असं परत पाठवलं होतं. त्यांचं बरोबरच होतं. सावली म्हणजे नुसता उन्हाचा अभाव नाही, तिचे प्रकार आहेत.

पहिली, हलती सावली. शिरीष किंवा पर्जन्यवृक्षासारख्या बारीक पानांच्या झाडाखाली उन्हाचे कवडसे फिरत राहतात. ही सगळ्यात उदार सावली. दुसरी, भिंतीची सावली. इमारतीच्या उत्तरेकडे थेट ऊन नाही, पण वर आकाश मोकळं दिसतं. इथे उजेड भरपूर असतो. तिसरी, गच्च सावली. दोन इमारतींमधली बोळ, जिन्याखालची जागा, किंवा आंब्याखालचा काळोख. आंब्याखाली तर डबल त्रास. वरची दाट पानं हलका पाऊस खाली येऊच देत नाहीत आणि जे पाणी पोचतं ते झाडाची मुळं पिऊन टाकतात. म्हणजे ही कोरडी सावली.

आता एक ट्रिक. मुंबईत ‘शून्य सावलीचा दिवस’ वर्षातून दोनदा येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. या दोन तारखांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. त्यामुळे वर्षभर सावलीत असलेल्या उत्तरेच्या भिंतीलाही थेट ऊन लागतं. जून-जुलैत ढग आपल्याला वाचवतात, पण मेचा दुसरा पंधरवडा कडक. सावलीतली नाजूक पानं करपतात ती तेव्हाच. उलट डिसेंबरमध्ये दुपारीसुद्धा इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. म्हणून एकाच दिवशी बघून निर्णय घेऊ नका. निदान एक रविवार सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता फोटो काढा आणि वर्षाचा हा हिशोब त्यात धरा.

आजीच्या वाडीत सगळं होतं

‘शेड गार्डन’ म्हटलं की एकदम फॉरेन मासिकातलं वाटतं. पण ज्यांचं गाव कोकणात आहे, त्यांनी आजीची वाडी आठवून बघा. वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीच्या अंगावर चढलेली मिरीची वेल, तिच्या शेजारी जायफळ, आणि जमिनीलगत हळद, आलं, सुरण, अळू. ऊन मजल्यामजल्याने वाटून घेतलेलं! वसईचे पानमळेही याच तत्त्वावर. विड्याच्या पानाच्या वेलीला उन्हाचा चटका नको, ओल आणि गारवा हवा.

या यादीत एक गोष्ट कॉमन आहे. यातलं बहुतेक सगळं वर्षानुवर्षं टिकणारं आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस. हंगामी फुलझाडांचं तसंच. ऑफिसवाल्यांना दर तीन महिन्यांनी नवी रोपं आणायला वेळ कुठे आहे? आपल्याला हवीत एकदा लावून पाच-दहा वर्षं निभावणारी, कंदातून किंवा फुटव्यातून स्वतःहून वाढणारी झाडं. म्हणजेच बहुवर्षायू, आणि त्यांच्या पायाशी जमीन झाकणारी.

काय लावाल?

ओलसर सावली असेल, म्हणजे टाकीजवळ, नळाजवळ किंवा भिंतीच्या उत्तरेला, तर मजाच. तिथे सोनटक्का लावा. पावसाळ्यात त्याच्या पांढऱ्या फुलांचा वास संध्याकाळी ऑफिसातून येताना गेटपाशीच गाठेल. सोबत वडीचं अळू, आणि हळद. हळदीचा कंद बाजारातून आणून जूनच्या सुरुवातीला पुरला, की नागपंचमीपर्यंत पातोळ्यांना पानं घरची! हिवाळ्यात हळद पिवळी पडून झोपते, तेव्हा ‘मेली’ म्हणून उपटू नका. पुढच्या पावसाला ती परत उठते. हे दोन-तीन दोस्त हलत्या सावलीत किंवा भिंतीच्या उजेडात खुश असतात, गच्च काळोखात नाही. त्यांच्या पायाशी ब्राह्मी म्हणून मिळणारी गोल पानांची मंडूकपर्णी पसरू द्या आणि मधूनमधून नेचे लावा. नर्सरीत ‘बोस्टन फर्न’ मागा.

भिंतीच्या सावलीत स्पायडर लिली आणि पीस लिली. दोघींची फुलं पांढरी. सावलीत लाल-जांभळा रंग बुडून जातो, पांढरा आणि पोपटी उठून दिसतो, हा कुठल्याही इंटीरिअर डिझायनरचा फंडा इथेही चालतो. मध्ये थोडं कॅलेडियम चालेल. तेही हिवाळ्यात झोपतं.

कोरडी, गच्च सावली ही खरी परीक्षा. इथे स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट ही जोडी बिनधास्त. पाणी विसरलात तरी रुसत नाहीत, उलट जास्त पाण्यानेच कुजतात. जमीन झाकायला स्पायडर प्लांट घ्या. एका कुंडीतून लोंबणारी पिल्लं तोडून लावली की वर्षभरात पट्टा भरतो. सिंगोनियम आणि मनीप्लांटही जमिनीवर मस्त पसरतात. फक्त एक लक्षात ठेवा. पांढऱ्या-पिवळ्या नक्षीची पानं काळोखात हळूहळू हिरवी होत जातात. नक्षी हवी असेल तर उजेडाच्या बाजूला लावा.

आणि वर चढवायचं असेल तर विड्याचं पान किंवा मिरी. जमिनीवरच ठेवायची असेल तर पिंपळीची वेल. मसाल्याच्या दुकानातली ती काळपट लेंडीपिंपळी याच वेलीची.

काय टाळाल?

क्रोटन आणि कर्दळ सावलीत फिकी आणि लांबोडकी होतात. वेडेलियाची पिवळी फुलं रस्त्याच्या दुभाजकावर छान दिसतात, पण ही वेल जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहे. मनीप्लांट आणि सिंगोनियमच्या छाटलेल्या फांद्याही नाल्यात किंवा डोंगरावर फेकू नका, त्या तिथे मूळ धरतात. डिफेनबेकिया, पीस लिली, मनीप्लांट यांची पानं चावली तर तोंडाची आग होते. घरात रांगतं बाळ किंवा मांजर असेल तर ही झाडं त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा. आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूच्या डासाला तेवढंच पुरतं.

लावायचं कसं?

मुहूर्त एकच, जूनचे पहिले चांगले पाऊस. झाडाखाली खणताना कुदळ चालवू नका. हाताच्या खुरप्याने मुळांच्या मधल्या जागेत छोटे खड्डे करा, त्यात माती आणि गांडूळखत घाला. एक फुटावर एक रोप पुरे. बुंध्याला माती चढवू नका, खोड मोकळं राहू द्या. वरून पाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर. हा माल फुकट मिळतो, आपण रोज सकाळी झाडून पिशवीत भरून बाहेर पाठवतो तोच. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा पाणी द्या, झीझी आणि स्नेक प्लांटला मात्र त्याहून कमी. रोपं एकमेकांना भिडली, की त्यांच्या सावलीत तणालाही जागा उरत नाही.

फक्त बाल्कनी असेल तर हेच छोट्या प्रमाणात. एका लांबट कुंडीत मागे पीस लिली, पुढे स्पायडर प्लांट, कडेला पान-वेल. ग्रिलवर चढू द्या.

एक पावसाळा मागून घ्या

निसर्ग उद्यानातून बाहेर पडल्यावर पलीकडे मिठी दिसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हीच मिठी काठ सोडून बाहेर आली होती. आठ फुटांचा मातीचा पट्टा असा पूर अडवू शकत नाही, मान्य. पण रोजचा पाऊस तो जिरवतो. पेव्हर टाकला की तोच पाऊस बऱ्याच अंशी गटाराकडे पळतो. शिवाय बुंध्यापर्यंत फरशी घातलेल्या झाडाला ना पाणी मिळत, ना हवा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते याचसाठी.

त्यामुळे मीटिंगला जाताना मी भाषण तयार केलेलं नाही. तीन वेळचे तीन फोटो, दहा झाडांची यादी आणि एकच मागणी: पट्ट्याचा अर्धा भाग, एक पावसाळा. रोपं बहुतेक शेजाऱ्यांच्या कुंड्यांतल्या फुटव्यांतून येतील. म्हणजे खर्च पेव्हरच्या मानाने किरकोळ. पेव्हर काय, पुढच्या वर्षीही टाकता येतो. आंबा मात्र एकदाच सुकतो.

तुमच्या सोसायटीचीही मीटिंग जवळ आली असेल. यादी कापून ठेवा आणि जाण्यापूर्वी सेक्रेटरीकाकांना एका शनिवारी धारावी डेपोसमोर घेऊन या. डम्पिंग ग्राउंडवर उभं राहिलेलं जंगल बघितल्यावर ‘इथे काही उगवत नाही’ म्हणायला जरा जड जातं.