गोपालपुऱ्यात आहात? मग सांगानेरचा शर्ट घ्याच!

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर तुम्हाला कोचिंग क्लासच्या पाट्याच पाट्या दिसतील. उन्हाळ्यात अंगाला सुख देणारा शर्ट हवा असेल, तर टोंक रोडने दक्षिणेला निघा. विमानतळाजवळच सांगानेर लागतं. इथले छिपा कारागीर लाकडी ठशांनी पांढऱ्या सुती कापडावर नाजूक फुलं छापतात. मातकट, गडद रंग आवडत असतील, तर अजमेर रोडवरचं बगरू गाठा. तिथे मातीचा लेप लावून 'दाबू' छपाई करतात.

खरेदीत फसू नका. हातछपाई म्हणून स्क्रीन प्रिंटही विकलं जातं. नक्षी नीट पाहा. ठशांच्या जोडात कुठे बारीक फरक दिसला, तर तो दोष नाही, हाताची खूण आहे. शिवाय प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागतो, म्हणून घासाघीस जरा बेतानेच करा.

सुती कापड आटतं, शर्ट थोडा सैल घ्या. पहिल्यांदा वेगळा, गार पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.

आणि हो, राजस्थानातले अनेक छिपा आपल्या संत नामदेवांना मानतात. शर्ट घेताना पंढरपूरचा विषय काढून तर बघा!