भिंतीपलीकडच्या मैत्रिणीबद्दल

सातारा, रविवार

चि. केतकी,


तुझ्या खोलीत राहणारी मुलगी चेंगडूची, आणि तिच्याशी काय बोलावं ते तुला सुचत नाही. तुझे वर्गमित्र म्हणतात, ‘चिन्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊकच नसतं.’

या समजुतीलाही इतिहास आहे. 2000 साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी इंटरनेटला आवर घालू पाहणाऱ्या चीनची जाहीर थट्टा केली होती. इंटरनेट आलं की मोकळीक येणारच, हा तेव्हाचा भरवसा. तसं झालं नाही, तेव्हा पाश्चात्त्यांनी दुसरं टोक गाठलं: सगळं बंद, सगळे गप्प. ‘विनी द पू’वर चीनमध्ये बंदी आहे, हे तूही ऐकलं असशील. प्रत्यक्षात शांघायच्या डिस्नेलँडमध्ये त्याच्या नावाची सफर आहे. शी जिनपिंग यांच्याशी त्याची तुलना करणारी चित्रं तेवढी पुसली जातात.

पुसतात ते बहुतेक वेळा इंटरनेट कंपन्यांचे नोकरच, परवाना जाऊ नये म्हणून. काय पुसलं जातं, याचा संशोधक गॅरी किंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2013 साली आला. सरकारवरची कडक टीका अनेकदा तशीच राहते, पण लोकांना रस्त्यावर एकत्र आणू शकेल असा मजकूर, सरकारच्या बाजूचा असला तरी, उडतो, असं त्यांना दिसलं. त्यानंतर पकड आणखी आवळली गेली.

तरी मार्च 2020 आठव. करोनाच्या सुरुवातीच्या इशाऱ्याबद्दल बोलणारी वुहानच्या डॉक्टर आय फन यांची ‘रेनवू’ मासिकातली मुलाखत काही तासांत गायब झाली. लोकांनी ती उलट्या क्रमाने लिहिली, मोर्स संकेतांत लिहिली, इमोजींत लिहिली, हाडांवर कोरलेल्या प्राचीन लिपीतही लिहिली. एक पुसावी तर दुसरी हजर. काही ठाऊक नसलेल्यांचं हे काम नव्हे.

पण म्हणून प्रत्येकात बंडखोर शोधू नकोस. बीजिंगच्या विद्यार्थ्यांना दोन संशोधकांनी चीनच्या इंटरनेटभोवतीची सरकारी भिंत ओलांडायचं साधन फुकट दिलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांनी ते वापरलंच नाही. गाणी, खरेदी, मालिका, भांडणं, सगळं अलीकडेच मिळत असताना पलीकडे जायचं कशाला? काही काळ परदेशी बातम्या वाचण्याचं निमित्त दिल्यावर मात्र अनेकांची गोडी टिकली. मला वाटतं, भिंतीची खरी ताकद तिच्या उंचीत नाही; बहुतेकांना तिच्याकडे बघायची गरजच पडत नाही, यात आहे.

तेव्हा तिला आधी विचार, सध्या काय बघतेस, कशावर हसतेस. राजकारण तिला वाटलं तर तीच काढेल. आणि काढलंच, तर तिचं बोलणं तिच्या नावानिशी कुठे टाकू नकोस. चीनमधली ऑनलाइन खाती खऱ्या ओळखीला बांधलेली असतात, आणि घरचे चेंगडूत आहेत. वाहवा तुला मिळेल, चौकशीला तिला तोंड द्यावं लागेल.

तुझी,
मावशी