इचेनच्या काठी

मासे धरण्याच्या काठीविषयी लिहिणारा मनुष्य मत्स्याहारी असावा, असा वाचकांचा समज होणे साहजिक आहे. तो आरंभीच दूर करतो. आमच्या घरात मासे कधी शिजले नाहीत. लहानपणी आजीबरोबर घाटावर बसून माशांना कणकेच्या गोळ्या टाकाव्या, एवढाच माझा त्यांच्याशी परिचय. अशा मनुष्यावर सत्तरी उलटल्यावर इंग्लंडातील एका दुकानात मुलासाठी काठी निवडीत उभे राहण्याचा प्रसंग आला, ती ही हकीकत.

आमचा मुलगा साउदॅम्प्टनला नोकरीस आहे. त्याची आई गेल्यापासून तो घरात फारसा बोलेनासा झाला आणि सुटीच्या दिवशी एकटाच नदीवर जाऊ लागला, असे सूनबाईंनी कळविले. दुःख विसरण्यासाठी मुक्या जिवांना त्रास कशाला, हे त्याला समजावून सांगावे अशा तयारीने मी गेलो. त्याने वाद घातला नाही. "नाना, आधी नदी तर पाहा," एवढेच म्हणाला.

साउदॅम्प्टनहून विंचेस्टर आगगाडीने फार दूर नाही. गावाला लागून इचेन नदी वाहते. येथील पाऊस खडूच्या डोंगरांत मुरतो, गाळून निघतो आणि झऱ्यांच्या रूपाने बारमाही वर येतो. त्यामुळे पाणी भर उन्हाळ्यातही थंड आणि आरशासारखे निर्मळ. तळाशी हिरव्या शेवाळाच्या लांबच लांब बटा हालत असतात आणि त्यांच्या आडोशाला ट्राऊट मासे प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभे असतात.

मासे धरणाऱ्यांचे हे एक तीर्थक्षेत्रच म्हणावयाचे. ह्या छंदावर 1653 मध्ये प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारा आयझॅक वॉल्टन येथील कॅथीड्रलमध्ये चिरविश्रांती घेत आहे. पुढे स्क्यूज नावाचे लंडनचे एक वकील 1883 पासून 1938 पर्यंत ह्याच पाण्यावर येत राहिले. पाण्यावर तरंगणारी कृत्रिम माशीच काय ती सभ्य, असा हॅल्फर्ड यांच्या अनुयायांचा दंडक होता. स्क्यूज यांनी पाहिले की, मासा बहुतेक अन्न पाण्याखालीच खातो. माशीचे पंख फुटण्यापूर्वीचे जे जलातील रूप, ज्याला निम्फ म्हणतात, तेच त्याचे मुख्य भक्ष्य. मग त्याचीच नक्कल गळाला का बांधू नये? ह्या प्रश्नावर 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात रीतसर वादविवाद झाला. आमच्याकडील शास्त्रार्थाचीच मला आठवण झाली! स्क्यूज 1949 साली वारले. त्यांची रक्षा येथेच विसर्जित केली गेली.

आता काठीकडे वळतो. एरवी गळ टाकताना वजन शिशात असते व दोरी त्याच्यामागून ओढली जाते. येथे माशी पिसाहून हलकी. म्हणून वजन दोरीत ठेवतात आणि काठी त्या वजनाने वाकून दोरी पुढे फेकते. दोरीच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून तिचा अंक ठरतो: 3 अंकाची 100 ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम, 4 अंकाची 120 ग्रेन, 5 अंकाची 140 ग्रेन. काठीवरही तसाच अंक असतो व दोहोंचा मेळ बसावा लागतो.

मुलापाशी एक काठी होतीच: 10 फूट 6 इंच, 3 अंकाची, आणि तिच्यावर सुतळीहूनही बारीक दोरी. ही तऱ्हा पोलंड व चेकोस्लोव्हाकियातील स्पर्धकांमुळे पसरली. तीत दोरीला वजन जवळजवळ नसतेच; ते निम्फमधील टंगस्टनच्या मण्यात असते. खळाळत्या पाण्यात उतरावे, निम्फ जवळच तळाशी सोडावी आणि लांब काठीने दोरी पाण्यावर अधांतरी धरावी, म्हणजे निरनिराळ्या वेगांचे प्रवाह तिला ओढीत नाहीत. दोरीच्या टोकाला जोडलेला रंगीत तुकडा जरा अडखळला, की मासा लागला असे समजावे. परंतु इचेनवर मुलाच्या हाती काही येईना. काठीच हलकी, आता याहून भारी घ्यावी, असे त्याने ठरविले होते.

दुकानातील वृद्ध गृहस्थांनी किमतीचे नावही काढले नाही. त्यांनी विचारले, "पाणी कोणते?" इचेन म्हणताच ते हसले. येथे पाणी संथ आणि स्वच्छ. माणूस जवळ गेला की मासा पसार. दुरून, प्रवाहाच्या वरच्या दिशेने, हलकी निम्फ अलगद टाकावी लागते. ते काम बारीक दोरीच्या आवाक्यातले नव्हे; त्याला वजनदार, तरंगती आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली दोरीच हवी. त्यांनी नऊ फुटी, 4 अंकाची, मध्यम किमतीची काठी व तसलीच दोरी काढून दिली. जुनी काठी मात्र विकू नका, वेल्समधील डी नदीच्या खळाळावर तीच कामास येईल, असेही बजावले.

दुपारी आम्ही काठावर उभे राहिलो. मुलाने तांब्याची तार व तितराच्या पिसाचे तंतू गुंडाळून केलेली इवलीशी निम्फ बांधली. तिच्या गळाला उलटा काटा नव्हता. माझ्याकडे काम एकच: दोरीचे टोक जेथे पाण्यात शिरते तेथे नजर ठेवणे. बराच वेळ गेला. एकाएकी ते टोक किंचित थबकले. "थांबली!" मी ओरडलो. मुलाने काठी उचलली, ती लवली.

हात ओले करून त्याने पाण्यातच गळ काढला. तांबड्या ठिपक्यांचा तो मासा क्षणभर त्याच्या ओंजळीत राहिला व निघून गेला. मुलगा तसाच पाण्याकडे पाहत म्हणाला, "नाना, शेवटच्या दिवसांत आईला काही हवे असे, तेव्हा तिची बोटे अशीच जराशी हालत. मला ते पुष्कळदा कळलेच नाही." त्या दिवसापर्यंत तो हे कोणाजवळ बोलला नव्हता. मग अंधार पडेपर्यंत आम्ही तिच्याविषयीच बोलत बसलो.

माशाला वेदना होतच असतील, हा माझा आक्षेप कायम आहे आणि तो मी त्याला सांगितलाही. परंतु जे उपदेशाचे भाषण तयार करून नेले होते, ते तसेच परत आणले. निघताना सूनबाईंना एवढेच म्हणालो, की पुढल्या रविवारी त्याला एकट्याला जाऊ देऊ नका. दोरीकडे पाहावयाला कोणीतरी बरोबर असावे.