उद्यमनगरातले अकरा दिवस

कोल्हापूरला निघालेल्या माणसाला सल्ले देणाऱ्यांची मुंबईत वाण नाही. अंबाबाईचे दर्शन घ्या, रंकाळ्यावर एक संध्याकाळ काढा, पन्हाळा चुकवू नका, तांबडा-पांढरा रस्सा खा आणि येताना गुळाची ढेप व चपला आणायला विसरू नका, इथपर्यंत यादी सगळ्यांची सारखीच. शिवाजी उद्यमनगर बघून या, असे मात्र आजवर मला कुणी सांगितलेले नाही. मीही कुणाला सांगितले नसते. पण जानेवारी २०२५ मध्ये तिथे अकरा दिवस, सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत, एका लोखंडी खुर्चीवर बसून राहण्याचा योग आला, आणि तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे, की ज्याने उद्यमनगर पाहिले नाही त्याने कोल्हापूर अर्धेच पाहिले.

हा योग जुळून आला तो वाघबिळाच्या चढावर. आई, सौ. आणि मी पन्हाळ्याला निघालो होतो. दिवस उसाचे. त्या मोसमात कोल्हापूरच्या रस्त्यांवर मोटार हाकणे म्हणजे उसाच्या मिरवणुकीत सामील होणे. पुढे ट्रॅक्टर, त्याला एकामागे एक दोन ट्रॉल्या, त्यांवर माणूसभर उंच रचलेला ऊस, आणि ट्रॅक्टरवर लावलेली गाणी गावाला ऐकू जातील अशी. असाच एक ट्रॅक्टर आमच्यापुढे चढावर धापा टाकत थांबला. मीही चांगले अंतर राखून थांबलो. तेवढ्यात खटकन आवाज झाला. मागल्या ट्रॉलीची पिन निसटली होती. ट्रॉली आमच्या दिशेने सावकाश मागे येऊ लागली. मागे एस. टी. उभी, एका अंगाला दरड, जायचे कुठे? ती आली, आमच्या नाकावर बसली, तिरकी झाली आणि तिचे एक चाक गटारात रुतले म्हणून आम्ही वाचलो. काचेवर उसाची मोळी येऊन पडली. आई मागच्या सीटवर होती. ती एवढेच म्हणाली, “कुणाला लागलं नाही ना? मग उतरा.”

मोटार आमची जुनी. कागदोपत्री ‘प्रीमियर पद्मिनी’, घरात सगळ्यांच्या तोंडी ‘फियाट’. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९७ साली निवृत्त होताना प्रॉव्हिडंट फंडातून ती घेतली. त्या काळी बाजारात नव्या डौलाच्या गाड्या आलेल्या होत्या, पण ज्या गाडीसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली ती आता दुकानात जाऊन घेता येते, याचेच अण्णांना अप्रूप. पुढे पद्मिनी निघायच्या बंद झाल्या, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या टॅक्सीनेही निरोप घेतला. अण्णा त्याआधीच गेले. आमची फियाट मात्र पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी आर. टी. ओ. पुढे उभी राहून, तपासणी देऊन, नवा दाखला घेऊन येत होती. आई तिला ‘ह्यांची गाडी’ म्हणते.

क्रेनने मोटार पहिल्यांदा गेली ती हमरस्त्यावरच्या एका चकचकीत वर्कशॉपात. तिथे काचेच्या खोलीत बसवून आम्हाला थंड पाणी दिले, आणि एका टाय लावलेल्या तरुणाने संगणकात बघून सांगितले, “सर, या मॉडेलचे पार्ट आमच्या सिस्टिममध्येच नाहीत. भंगारात द्या. वजनावर बरे पैसे येतील.”

विम्याचेही काही जमण्यासारखे नव्हते. एवढ्या जुन्या मोटारीची किंमत विमा कंपनीच्या लेखी नाममात्र. शिवाय गाडी दहा वर्षांपलीकडे गेली की बदललेल्या लोखंडी भागांच्या किमतीतला निम्मा भाग घसाऱ्यात जातो. म्हणून आम्ही दुसऱ्याच्या नुकसानीपुरताच, कायद्याने सक्तीचा तेवढा विमा उतरवत आलो होतो. त्यातून स्वतःच्या मोटारीला दमडी मिळत नाही. सौ. म्हणाली, “देऊन टाकावी आता.” मलाही तेच वाटत होते, आईपुढे बोलायचा धीर होत नव्हता इतकेच. आई काचेतून बाहेर उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहत होती. तिने पाण्याला हात लावला नाही.

मंगळवार पेठेत आईचा भाचा राहतो. त्याच्याकडेच आमचा मुक्काम. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “आत्या, उद्यमनगरात दाखवल्याशिवाय मोडीत घालायची भाषा करू नका.”

उद्यमनगर म्हणजे कारखान्यांची पेठ. जशी कुठे सोनारआळी असते, कुठे तांबटआळी, तशी ही लोखंडाची आळी. एका गाळ्यात लेथ फिरते आहे, शेजारी गिअरचे दात पाडणे चालू आहे, पलीकडे कुणी पंपाचे सुटे भाग घासतो आहे, आणि समोर चहाच्या टपरीवर काळ्या हातांचा घोळका. या गावाला लोखंडाचे वेड लागले त्याला कारण ऊस. उसाला पाणी हवे, पाण्याला पंप हवा, पंपाला इंजिन हवे. रस काढायला चरक हवा. ही यंत्रे बिघडली की मुंबईला कोण पाठवणार? मग इथेच दुरुस्त करू लागले, दुरुस्त करता करता इथेच बनवू लागले. आज कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून ओतीव काम मोटारींच्या मोठमोठ्या कारखान्यांना जाते. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता तेव्हा त्यांनी याच गावात कॅमेरा स्वतः घडवला, आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा माणसे देवदर्शनासारखी तिच्यासाठी थांबतात. अशा गावात अण्णांची फियाट भंगारात निघाली असती, तर तो गावाचाही अपमान झाला असता!

पत्र्याचे काम करणारे मिस्त्री साठी उलटलेले. अंगात बनियन, कानाला पेन्सिल. त्यांनी मोटारीभोवती एक फेरी मारली, दरवाजे उघडून लावून पाहिले. डावा दरवाजा नीट लागेना. त्यांनी मान हलवली.

“पुढचं दिसतंय ते काय न्हाय, साहेब. दार का लागंना, ते बगाय पायजे.”

मग त्यांनी जे केले ते मी यापूर्वी कधी पाहिले नव्हते. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचे सगळे कवच हाच तिचा सांगाडा. नाकावर बसलेला धक्का त्यामुळे थेट दरवाजाच्या चौकटीपर्यंत पोचतो. मिस्त्रींनी मोटारीच्या पोटाखालच्या ठराविक बोल्टांवरून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूने खुणा केल्या, मोटार बाजूला ढकलली आणि त्या खुणांवर दोरी ताणली. एकदा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, एकदा उलट. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. ते पाऊण इंचाने चुकत होते. शाळेत भूमितीच्या तासाला कर्णाचा उपयोग काय, असे मी मास्तरांना विचारले होते. उत्तर कोल्हापुरात मिळाले.

आई पुढे झाली. “होईल का हो?”

“आई, नाक मोडलंय तिचं. जीव हाय अजून,” मिस्त्री म्हणाले. “पर येळ लागंल. आनि मी लांबी थापून देनार न्हाय, आदीच सांगतो.”

लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा. खड्डा तसाच ठेवून त्यावर लांबीचा थर चढवला आणि रंग मारला की मोटार नवीकोरी दिसते. दोन पावसाळ्यांनी तडे जातात, आत गंज चढतो. मिस्त्रींच्या मते लांबी ही बाईच्या तोंडावरच्या पावडरीइतकीच असावी. (हे ते सौ. समोर म्हणाले, आणि लगेच “वैनी, राग मानू नका” असेही म्हणाले.)

पहिले तीन दिवस नुसती ओढाओढ. जमिनीत पुरलेल्या लोखंडी खांबाला साखळी, साखळीचे दुसरे टोक मोटारीच्या पुढच्या सांगाड्याला, आणि मध्ये जॅक. दांडा दाबायचा, थांबायचे, दोरी लावून मोजायचे. पत्रा हट्टी असतो. सोडला की थोडा परत जातो. म्हणून हवा त्याहून किंचित जास्त ओढायचा. हे ‘किंचित’ कुठल्याही पुस्तकात नसणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही कर्ण जुळले. मिस्त्रींनी डावा दरवाजा दोन बोटांनी ढकलला. ‘टक्’ असा आवाज करून तो लागला. आईने तो स्वतः तीनदा उघडून लावून पाहिला.

मग मडगार्डाचा पत्रा. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, त्याला डॉली म्हणतात, आणि बाहेरून हातोडीचे हलके घाव. मार खाऊन पत्रा ताणतो, त्याला फुगवटा येतो; तो ठोकून जात नाही. तिथे गॅसच्या ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल करायचा आणि ओला बोळा दाबायचा. चर्रर आवाज होतो आणि पत्रा अंग चोरून घेतो. मिस्त्री डोळ्यांनी थोडेच बघत. तळव्याखाली फडके घेऊन हात फिरवत, आणि मला दिसत नसलेल्या जागी पेन्सिलीने फुली करत.

बॉनेट मात्र गेलेले होते. ते मिळाले कुर्ल्याच्या भंगारबाजारात. मोडीत निघालेल्या एका टॅक्सीचे. पार्सलने आले तेव्हा काळेकुट्ट! ज्या कुर्ल्यात आमची मोटार जन्मली तिथूनच तिला नवे कपाळ आले. दोन दिवस ती हस्तिदंती अंगाची आणि काळ्या तोंडाची उभी होती, येणारा-जाणारा विचारी, “टॅक्सी मुंबैची काय वो?”

चौथ्या दिवशी ट्रॅक्टरचे मालक आले. पांढरे कपडे, पांढरी टोपी, आणि मागे तो ड्रायव्हर पोरगा. वीस-बावीसचा असेल. बीडकडचा. आईबाप ऊसतोडीच्या टोळीत. ही माणसे हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतात, आणि मग सहा-सहा महिने ती फेडण्यासाठी तोडत राहतात. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’. पोरगा खाली बघत उभा. हातात फडक्यात गुंडाळलेली ती निसटलेली पिन.

मालक म्हणाले, “किती खर्च व्हतोय सांगा. ह्येच्या हिशेबातनं कापून घेतो आनि देतो तुमास्नी.”

मी आकडा सांगणार, इतक्यात मिस्त्रींनी पोराच्या हातून पिन घेतली. मधोमध झिजून ती करंगळीसारखी झाली होती. तिला चाप नव्हता, तिथे तार गुंडाळलेली. मिस्त्री काही न बोलता ती पिन मालकांच्या नव्हे, आईच्या हातात देऊन कामाला लागले.

आईने पिन फिरवून पाहिली. “ट्रॉल्या किती तुमच्या?”

“सोळा.”

“ह्या पिना कोण बघतं?” पन्नास-पंचावन्न वर्षे मुंबईत काढलेल्या माझ्या आईची भाषा बघता बघता मंगळवार पेठेत जाऊन पोचली. “मागं लाल पत्रा तरी हाय का एकीला? रातीला माणूस मरंल की वो! ह्या पोराचा एक रुपया मला नको. सोळाच्या सोळा ट्रॉल्यांना नव्या पिना, चाप, वरनं साखळी, आनि मागं लाल पत्रे. हितंच करा, माझ्यासमोर. न्हाय तर पोलिसात मी जाते.”

मालकांनी माझ्याकडे पाहिले. मी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्री हातोडी मारत होते.

माझे म्हणणे वेगळे होते आणि अजूनही आहे. पिना मालकाने बसवायच्याच होत्या. त्याखेरीज आमचा खर्चही त्याच्याच खिशातून निघायला हवा होता. रात्री मी तसे बोलून दाखवले, सौ. नेही दुजोरा दिला. आई म्हणाली, “त्याच्या खिशातनं निघालेला पैसा शेवटी कुणाच्या पोटातनं जाईल?” यावर आम्हा दोघांकडे उत्तर नव्हते, पण बिल माझ्याकडे येणार होते. अखेर मालकांनी रेडिएटरचे तेवढे पैसे दिले.

पुढले चार दिवस एकेक ट्रॉली उद्यमनगरात येत राहिली. शेजारच्या गाळ्यातल्या टर्नरने पिना कापल्या, झिजून लांबट झालेली भोके वेल्डिंगने भरून पुन्हा पाडली. आई खुर्ची टाकून मोजत बसे. तिला चहा टपरीवाला फुकट देऊ लागला.

रंग लावायच्या दिवशी गाळ्यात झाडू मारून जमिनीवर पाणी शिंपडले, धूळ उडू नये म्हणून. डब्यातला हस्तिदंती रंग चालेना. आमच्या मोटारीचा रंग अठ्ठावीस वर्षांच्या उन्हाने पिवळसर झालेला. रंगाऱ्याने थेंबथेंब पिवळा, अर्धा थेंब काळा घालत तीन वेळा पत्र्याचे तुकडे रंगवून वाळवले, उन्हात धरले आणि मगच पिचकारी हातात घेतली.

बिल एकंदर एकेचाळीस हजार तीनशे. वहीच्या पानावर, कानावरच्या पेन्सिलीने. मालकांनी दिलेले वजा जाता सदतीस हजार आठशे मी मोजले. मिस्त्रींनी आईला नमस्कार केला आणि मला बजावले, “म्हैनाभर पेट्रोलपंपावर पॉलिश मारून घेऊ नका, रंग कच्चा हाय.”

आईने निघताना पोराचा फोन नंबर घेतला होता. उसाचा हंगाम संपल्यावर, गुढीपाडव्याच्या सुमारास तिने त्याला फोन केला. तो आधी बोलेना. मग कळले, हिशेबातून पाच हजार कापले होते. आई फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार लोटून घेतले. मालकांशी ती काय बोलली ते मला माहीत नाही. मधून मधून ‘सोळा’ एवढा शब्द ऐकू येत होता. आठवड्याने पोराचाच फोन आला. पैसे मिळाले होते.